जुनं शिलाई मशीन घेताय? आधी त्याला उताणं करा

भंगारवाल्याच्या काट्याशेजारी काळं, सोनेरी नक्षीचं एक मशीन पडलेलं असतं. नवखा माणूस आधी नाव वाचतो, मग नक्षीवरून बोट फिरवतो, आणि भंगारवाला त्या बोटाकडे बघून भाव ठरवतो. माझं पहिलं मशीन असंच घेतलं गेलं. नाव सिंगर, नक्षी झकास, चाकही गरगर फिरत होतं. घरी आणून उलटं केलं तर पोटात शटलच नाही, म्हणजे खालच्या धाग्याची बॉबिन (छोटी रीळ) धरणारा तुकडाच गायब! पाटा आहे पण वरवंटा नाही, अशातली गत. ते लांबट शटल मिळायला मला आठ महिने लागले. शेवटी अमळनेरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे, तुटक्या सुयांच्या डब्यात सापडलं, आणि त्याने ते चहाच्या पैशात दिलं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: नाव नंतर वाचायचं, मशीन आधी उताणं करायचं. ते कोणत्या जातीचं आहे, त्याची सुई-बॉबिन बाजारात मिळेल का, ते चालेल का, या सगळ्याची उत्तरं पोटात असतात. नक्षी फक्त भाव वाढवते.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे राहणाऱ्या आणि जुनं मशीन घेऊन त्यावर खरोखर शिवायची इच्छा असणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. बिडाचा स्टँड काढून त्यावर काच टाकून टेबल करायचं असेल, तर पुढचं वाचू नका. त्या टेबलांपायी किती चांगली मशिनं भंगारात गेली याचा हिशोब मांडला तर माझं रक्त तापतं.

कुठे शोधायचं

खान्देशात ही मशिनं अजून घराघरांत आहेत. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांतच त्याच्या कंपनीने हप्त्यावर मशीन विकायला सुरुवात केली. ही हप्त्याची युक्तीच ते मशीन जगभर घेऊन गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंगरचा हिंदुस्थानातला सगळा कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ पाहत. आपल्या भागात कापूस होता, अमळनेरला प्रताप मिल होती, भुसावळला रेल्वेची वसाहत होती. हाताशी थोडा पैसा असलेल्या घरात मशीन यायचं, लग्नात आंदण म्हणून जायचं, आणि नवरा अकाली गेला तर त्याच मशीनवर घर चालायचं.

गांधीजींचा यंत्रांना विरोध होता हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यांनी अपवाद केला होता तो सिंगरच्या शिलाई मशीनचा. १९२४ मध्ये त्यांनी सांगितलं की बायको हाताने शिवताना दमते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी यंत्र बनवलं. प्रत्यक्षातला सिंगर हा नाटकं करत फिरणारा रंगेल गडी, वेगवेगळ्या संसारांतून झालेली त्याची मुलंच दोन डझनांच्या घरात! तरी अपवाद योग्यच होता. पुढे १९३६ मध्ये आपल्या खान्देशातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. त्या काळातली मशिनं यावल-रावेरकडच्या घरांत मी आजही चालू पाहतो.

शोधायच्या जागा तीन. पहिली, मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. दर तालुक्याच्या गावी असा एक तरी माणूस असतो, आणि कोणाच्या माळ्यावर काय पडलंय हे त्याला पाठ असतं. दुसरी, बंद होऊ घातलेली शिंप्याची दुकानं. तिसरी, भंगारवाला. त्याला आधीच सांगून ठेवा की मशीन आलं तर फोडू नको, मला कळव. ऑनलाइन जाहिरातींमधून मी सहसा घेत नाही, कारण फोटोत पोट दिसत नाही.

धाब्याच्या घरातून मशीन मिळालं तर ते मातीने भरलेलं असणार. छतातून वर्षानुवर्षं झिरपणारी बारीक माती तेलात मिसळून तिचा लेप होतो. घाबरू नका, तो लेप गंजापासून रक्षण करतो. मला सगळ्यात स्वच्छ पोटाची मशिनं अशाच घाणेरड्या मशिनांत मिळाली आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून जा. पारोळ्याजवळच्या एका गावी मी पैसे मोजायला खिशात हात घातला, तेवढ्यात आतून आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, हाई मशीन मनी मायनं शे.” मुलगा विकायला तयार होता, आजी नव्हत्या. मी पैसे परत खिशात घातले, मशीनला तेल दिलं, पट्टा बदलून दिला आणि जेवून घरी आलो. घरात मशीनची खरी मालकीण कोण, हे विचारल्याशिवाय सौदा करायचा नाही.

उताणं करा आणि शटल बघा

बहुतेक मशिनं लाकडी बैठकीवर बिजागऱ्यांनी बसवलेली असतात. मागे कलती करा, पोट दिसेल. बिजागरीचे स्क्रू आधी तपासा, नाहीतर बारा-तेरा किलोचं धूड पायावर यायचं. बैठक आणि झाकणासकट हातमशीन पंधरा किलोच्या आसपास जातं.

टाका कसा पडतो हे समजलं की बाकी सगळं सोपं. सुई धागा घेऊन खाली जाते. वर यायला लागली की धाग्याचा छोटा फास तयार होतो. खालचं शटल किंवा हूक तो फास पकडतं आणि बॉबिनच्या धाग्याभोवती फिरवून आणतं. वरचा आणि खालचा धागा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतो. हा फास कोण आणि कसा पकडतं, यावरून मशीनची जात ठरते.

पहिला प्रकार लांबट शटलचा. शटल होडीसारखं किंवा बंदुकीच्या गोळीसारखं दिसतं आणि त्यात काडीसारखी बारीक बॉबिन असते. चाक फिरवलं की शटल झोक्यासारखं पुढेमागे जातं. सिंगरची २७, २८, १२७ आणि १२८ ही मॉडेलं अशी. २८ आणि १२८ आकाराने धाकटी. चालवायला ही अगदी गोड, आवाजही लयदार. पण शटल आणि बॉबिन हरवले असतील तर मी जसा आठ महिने फिरलो तसे फिराल. शटल पोटात आहे, बॉबिन शटलात आहे, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेऊ नका.

दुसरा प्रकार गोल बॉबिनचा, जिच्यात बॉबिन केस, म्हणजे बॉबिन धरणारी डबी, सुईखाली डाव्या बाजूने आत जाते. हे सिंगरचं १५ नंबरचं कूळ. आपल्याकडची काळी मशिनं बहुतांश याच कुळातली: उषा, लुधियानात बनलेली अनेक नावांची मशिनं, सिंगरचंच भारतातलं मेरिट. उषा हे नाव १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समधून आलं. नवख्याने पहिलं मशीन या कुळातलंच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सुई, बॉबिन, केस, कापड दाबून धरणारा दाबाचा पाय, सगळं जळगावच्या फुले मार्केटपासून शहाद्याच्या बाजारपेठेपर्यंत कुठल्याही टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मिळतं. सुटा भाग मागताना मॉडेलचं नाव सांगायचीही गरज पडत नाही.

तिसरा प्रकार आडव्या बॉबिनचा. वरची सरकपट्टी उघडली की बॉबिन थाळीसारखी आडवी ठेवलेली दिसते. पट्टी आपल्याकडे ओढली जात असेल तर ते ६६ किंवा त्याचं लहान भावंड ९९. पट्टी डावीकडे सरकत असेल आणि पोटात गिअर दिसत असतील, तर ते २०१ असण्याची शक्यता मोठी. २०१ हे त्या काळातलं महागडं मशीन. ते इतकं शांत चालतं की पहिल्यांदा मला वाटलं सुई अडकली. यांची बॉबिन १५ च्या बॉबिनसारखीच दिसते, पण तिच्या दोन्ही बाजू किंचित फुगीर असतात. १५ ची सपाट बॉबिन हिच्यात घातली की टाका बिघडतो आणि माणूस महिनाभर टेन्शनचा, म्हणजे धाग्याच्या ताणाचा, स्क्रू पिळत बसतो.

सारंगीच्या आकाराची बैठक असलेलं मशीन मिळालं तर ते सिंगरचं १२ नंबरचं, १८६५ नंतरचं जुनं घराणं. बघायला देखणं, पण त्याची सुई वेगळी आणि ती आज सहज मिळत नाही. ते दुसरं किंवा तिसरं मशीन म्हणून ठीक. पहिलं म्हणून नाही.

आता नाव आणि नंबर

उजव्या खांबाच्या पायाशी, मशीनच्या बिडाच्या बैठकीवर एक नंबर ठोकलेला असतो. तेल-माती पुसा, मोबाइलची बॅटरी तिरपी धरा, म्हणजे आकडे उमटतात. सिंगरच्या १९०० नंतरच्या नंबरांना पुढे इंग्रजी अक्षर असतं. आपल्याकडे येणारी बरीचशी मशिनं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यातली. तो १८८५ च्या सुमारास सुरू झाला, १९८० मध्ये बंद पडला, पण कारखान्यासाठी बांधलेलं ‘सिंगर’ नावाचं रेल्वे स्टेशन तिथे अजून चालू आहे. किलबोवीचा के मॉडेलच्या आकड्यामागे लागतो: १५के, ६६के, ९९के, २०१के.

क्लाइडबँकच्या नंबरांत पुढे एफ असेल तर साधारण १९१० चं दशक, वाय असेल तर १९२० चं दशक ते १९३० च्या दशकाचा पूर्वार्ध, आणि ई पासून सुरू होणारी दोन अक्षरं (ईए, ईबी, ईसी वगैरे) असतील तर १९३० च्या दशकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरचं. कारखान्याला नंबरांचे गठ्ठे आधी वाटून दिले जायचे, त्यामुळे एखादं वर्ष इकडेतिकडे होऊ शकतं.

नवख्यांची इथे हमखास फसगत होते ती तीन ठिकाणी. सरकपट्टीवर किंवा पोटात जी सालं कोरलेली असतात, ती पेटंटची असतात, मशीन बनल्याची नाहीत. मला एकाने ‘१८९०चं मशीन’ म्हणून दुप्पट भावात विकलं, नंबर पाहिला तर पुढे वाय. दुसरं, पोटातल्या भागांवर ‘सिमॅन्को’ आणि एक आकडा दिसतो. सिमॅन्को म्हणजे सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, आणि आकडा त्या सुट्या भागाचा. तिसरं, स्टँडवरचं नाव. स्टँड एका कंपनीचा आणि मशीन दुसऱ्याचं, असं आपल्याकडे सर्रास आढळतं, कारण मिस्त्री जे हाताला लागेल ते जोडून देत आले आहेत.

खांबावर पितळेचा लंबगोल बिल्ला असेल आणि तो रिव्हेटने पक्का बसवलेला असेल, तर मशीन अस्सल असण्याचा तो चांगला पुरावा. नुसतं स्टिकर, तेही तिरपं, नावाचं स्पेलिंग थोडं वेगळं, बिडाच्या कडा खरबरीत, अशी मशिनंही भरपूर असतात. ती वाईट नसतात. माझ्या आईने त्यातल्याच एकावर पंधरा वर्षं ब्लाउज शिवले. फक्त त्यांना सिंगरचा भाव देऊ नका.

जाता जाता एक इशारा. “जुन्या सिंगरच्या सुईत लाल पारा असतो, लाखो रुपये मिळतील” असा मेसेज आला तर हसून सोडून द्या. एप्रिल २००९ मध्ये सौदी अरेबियात ही अफवा अशी पसरली की लोक सुईजवळ मोबाइल धरून पारा ‘तपासत’ होते आणि आजीच्या मशीनला भलत्याच किमती मागत होते. सुईत पोलाद असतं. आपल्याकडेही अशा अफवेवर कोणी ना कोणी आगाऊ रक्कम देऊन बसतो.

भाव करण्याआधी

बॅगेत एक जाड कापडाचा तुकडा, वहीचा कागद, नवी १४ नंबरची सुई, मशीनचं तेल आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवा.

चाक वरच्या बाजूने आपल्याकडे फिरवा. सिंगर आणि उषा याच दिशेने चालतात, उलट फिरवलं की धागा गुंततो. फिरताना एका ठराविक जागी अडत असेल तर काहीतरी वाकलं किंवा शटलाजवळ धागा दडला आहे. सगळीकडे सारखंच जड असेल तर फक्त तेल आटलंय, आणि हे शुभलक्षण समजा. मग सुई धरून बसणारा दांडा बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल चालेल, खडखड वाजत असेल तर तो झिजला.

आता गंमतीची चाचणी. धागा न ओवता रेघी कागद शिवा. भोकं रेघेवरून सरळ आणि सारख्या अंतरावर जात असतील तर कापड पुढे सरकवणारे दाते आणि दाबाच्या पायाचा दाब बरोबर आहेत. वाकडी जात असतील तर आधी सुई बदलून बघा, दहातल्या सात वेळा दोष तिचाच निघतो.

भंगारात बिडाला पडलेली चीर वेल्डिंग करून काळ्या रंगाखाली लपवलेली असते. खांब आणि बैठक जिथे मिळतात तिथे नखाने चाचपा. चीर असेल तर मशीन सोडा. शटलाच्या वाटेत खड्ड्याखड्ड्यांचा गंज असेल तरीही सोडा, तो धागा कापत राहतो. बाकी गंज, तुटकी लाकडी पेटी, हरवलेली किल्ली, कडक झालेलं बॉबिन भरायचं रबर, हे सगळं सुधारतं. रबर तर काही रुपयांचं असतं.

भावाचा माझा हिशोब असा: मशीनचं वजन गुणिले त्या दिवशीचा बिडाचा भंगार भाव, ही खालची हद्द. दुकानात मिळणाऱ्या नव्या काळ्या पायमशीनची किंमत, ही वरची हद्द. चालू मशीन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसलं पाहिजे. ‘अँटिक आहे साहेब’ म्हणत कोणी वरची हद्द ओलांडली, तर नमस्कार करून बाहेर पडा. पुढच्या आठवड्यात दुसरं मिळतं.

जखडलेलं मशीन सोडवणं

घरी आणल्यावर पहिला मोह होतो तो चाकाला जोर लावायचा. लावू नका. जुन्या मशिनांत लोकांनी घरातलं जे मिळेल ते तेल ओतलेलं असतं, खोबरेल, शेंगदाण्याचं, क्वचित करडईचं. ही तेलं वर्षभरात चिकट होतात आणि दहा वर्षांत लाखेसारखी घट्ट. जोराने काहीतरी तुटेल, पण ती लाख सुटणार नाही.

वरच्या दांड्यावरची भोकं, डावीकडचं झाकण काढून आतले सांधे, आणि पोटातले सगळे हलणारे जोड, प्रत्येक ठिकाणी मशीनच्या पातळ तेलाचे थेंब टाका. रात्रभर ठेवा. पुन्हा टाका. आणि इथे खान्देशचं ऊन कामी येतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. लाकडी बैठकीवरून सोडवलेलं मशीन सकाळी तेल देऊन गच्चीवर ठेवा, वरून जुनी चादर टाका म्हणजे नक्षीवर थेट ऊन पडणार नाही. दुपारपर्यंत बीड इतकं तापतं की हात लावायला फडकं लागतं. त्या उष्णतेने घट्ट तेल पातळ होतं आणि नवं तेल आत उतरतं. संध्याकाळी चाक हलकेच मागेपुढे करा. बोटभर हललं तर उद्या वीतभर हलेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक मशिनं सुटतात. एकाने मला अकरा दिवस बसवून ठेवलं.

रॉकेल चालतं, पण सावलीत, आगीपासून लांब, पोटातले भाग धुण्यापुरतं. टूथब्रशने घासा, फडक्याने पुसा आणि लगेच मशीनचं तेल द्या. रॉकेल मळ काढतं, वंगण देत नाही.

आणि माझ्या हातून झालेलं पाप सांगतो. दुसऱ्या मशीनवर स्फिंक्सचं सोनेरी चित्र होतं, वरून काळपट पिवळा थर. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसलं. थर गेला, त्याच्यासोबत स्फिंक्सचा चेहराही गेला. त्या चित्रावर लाखेचा पारदर्शक थर असतो आणि स्पिरिट तो विरघळवतं. थिनर, सोडा, भांड्याचा साबण, तारेची घासणी, यांपैकी काहीही नक्षीला लावायचं नाही. मऊ सुती फडक्यावर मशीनचंच तेल घ्या, हलक्या हाताने फिरवा, सुक्या फडक्याने टिपा. दहा वेळा करावं लागलं तरी दहा वेळाच करा. खंडेनवमीला मशीनची पूजा करता तेव्हाही ओलं हळदकुंकू नक्षीवर लावू नका, स्टँडला लावा. देवीला चालतं.

दात्यांच्या खाली बघायला विसरू नका. सुईची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली की खाली कापसाचा नमदा जमलेला असतो, कधीकधी बोटभर जाड. कापसाच्या मुलखातली मशिनं, दुसरं काय असणार! टाचणीने उकरून काढा. ‘टाका सुटतो’ म्हणून टाकून दिलेली निम्मी मशिनं एवढ्यावर बरी होतात.

उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या आणि स्क्रू स्टीलच्या वाटीत ठेवा. जुन्या सिंगरच्या स्क्रूंचे आटे आजच्या बाजारातल्या स्क्रूंशी जुळत नाहीत. ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसणारा हवा, नाहीतर खाच सोलली जाते. चाकाच्या मधली गोल चकती काढलीत आणि परत बसवल्यावर चाक मोकळंच फिरायला लागलं, तर घाबरू नका: आतला तीन कानांचा वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवा. या वॉशरपायी किती लोक मशीन ‘बिघडलं’ म्हणून माझ्याकडे घेऊन येतात!

पायमशीनचा चामडी पट्टा तेल पिऊन घसरत असेल तर नवा घ्या. ढिला असेल तर अर्धा इंच कापून पिन पुन्हा लावा. वीणेच्या तारेसारखा ताणू नका, पायाला जड जातं. जुन्या मोटरच्या वायरीचं रबर तडकलेलं असेल तर प्लग लावूच नका, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. पहिले सहा महिने तरी हाताने किंवा पायाने चालवा.

धागा ओवणं आणि टाका बसवणं

सुई बसवण्याचा नियम वरच्या तिन्ही प्रकारांना लागू: सुईची सपाट बाजू शटल किंवा हुकाकडे, लांब खाच असलेली बाजू तिच्या उलट, आणि धागा नेहमी खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई पूर्ण वर जाईपर्यंत ढकला. साध्या सुती कापडाला १४ नंबर, मलमल-व्हॉइलला ११, जीन्स किंवा गोधडीला १६ किंवा १८.

वरचा धागा ओवताना दाबाचा पाय वर उचललेला असू द्या. पाय वर असताना टेन्शनच्या चकत्या सैल असतात, धागा त्यांच्यात नीट बसतो. पाय खाली ठेवून ओवलात तर धागा चकत्यांच्या वरच राहतो, आणि कापडाखाली जाळं तयार होतं. बॉबिन केसमध्ये घातल्यावर धागा फटीतून ओढा. तो फटीपाशी वळण घेऊन मागे फिरला पाहिजे, सरळ निसटता कामा नये.

खालच्या बाजूला फास दिसले तर दोष वरच्या धाग्याचा: नीट ओवला नाही किंवा टेन्शन सैल. वरच्या बाजूला खालचा धागा डोकावत असेल तर वरचं टेन्शन घट्ट, किंवा केसची पट्टी सैल. आधी पुन्हा ओवा, मग सुई बदला, मगच टेन्शनला हात लावा, तोही पाव फेरा. केसवरच्या छोट्या स्क्रूला सगळ्यात शेवटी. आमच्या गल्लीतले टेलरकाका म्हणायचे, टेन्शन मशीनला नसतं, माणसाला असतं.

पायमशीन शिकताना पहिले तीन दिवस पट्टा चढवून फक्त पाय चालवा, धागा नको, कापड नको. एक पाय थोडा पुढे, एक मागे, टाच आणि चवडा आलटून पालटून. चाकाला उजव्या हाताने आपल्याकडे सुरुवात द्यायची. उलट गेलं की लगेच थांबवायचं. मग रेघी कागद, मग जुनी चादर. जुन्या बऱ्याच मशिनांना उलट टाका नसतो, तेव्हा शिवण संपली की कापड फिरवून दोन टाके परत घ्या किंवा धागे हाताने गाठा.

ही मशिनं सरळ टाक्याची. झिगझॅग नाही, ओव्हरलॉक नाही, त्यामुळे कापडाची कड आत दुमडून दोनदा शिवायची सवय लावा. पहिलं काम बाजाराच्या पिशवीचं घ्या: सरळ चार शिवणी आणि दोन बंद. त्यानंतर उशीचे अभ्रे. आजीच्या लुगड्यांची गोधडी करायची असेल तर चार-पाच थरांपुढे जाऊ नका, टाका लांब ठेवा आणि मधून मधून सुईला विश्रांती द्या. माझ्या मावशीचं म्हणणं, मशीनवर शिवलेली गोधडी अंगाला कडक लागते. तिचं खरं आहे. मी आता मधलं काम हाताने करतो आणि फक्त किनार मशीनवर मारतो.

रोज शिवत असाल तर रोज शटलाच्या वाटेत तेलाचा एक थेंब, बाकी भोकांत आठवड्याला. तेल दिल्यावर चिंधीवर दोन-चार ओळी चालवा, नाहीतर पहिला डाग नव्या कापडावर पडतो. पावसाळ्यात मशीन चार दिवसांच्या वर बंद राहणार असेल तर दाबाच्या पायाखाली सुती तुकडा ठेवून तो खाली सोडा, सुईला तेलाचं बोट लावा आणि लाकडी झाकण घाला. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. माझं आठ महिने शटल शोधलेलं पहिलं मशीन असंच झाकून ठेवलेलं असतं. शटल मात्र मी काढून देवघरातल्या डबीत ठेवतो, बायको हसते तरी.